हिरव्या ठिपक्यांचा भरवसा

नागीण बरी झाली, पण बाबांच्या बरगडीतली कळ काही जाईना. सदरा नुसता अंगाला लागला तरी ते कळवळायचे. डॉक्टर मॉर्फिन वाढवू म्हणाले, तर बाबांनी साफ नकार दिला. कारण आमची ताई. ती प्रयोगशाळेत वेदनेवर संशोधन करते आणि घरात तिचा शब्द म्हणजे ब्रह्मवाक्य. मी पडलो गॅरेजवाला, मला कोण विचारतो!

ताईचं म्हणणं असं, की मॉर्फिनला नसांवर बसायला जागा लागते. तिला रिसेप्टर म्हणतात. ती दिसत नाही, म्हणून अँटीबॉडी घालायची. ती नेमकी तिथंच चिकटते आणि सूक्ष्मदर्शकाखाली हिरवी चमकते. नस दुखावलेल्या उंदरांत तिला हिरवे ठिपके जवळजवळ दिसलेच नव्हते. "बसायला खुर्च्याच नाहीत, तर आणखी पाहुणे बोलावून काय होणार?" असं ती बाबांना म्हणाली. बाबांनी ते मनावर घेतलं. उशी दातांत धरून ते कळ सोसायचे, आणि माझं डोकं फिरायचं. राग काढायचा तरी कुणावर?

एका दुपारी ताईचा घरी राहिलेला डबा द्यायला गेलो. ती अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकापुढे बसली होती, चेहरा पार उतरलेला.

"बघ," ती म्हणाली.

मी डोळा लावला. हिरवे ठिपकेच ठिपके.

"छान दिसतंय की."

"छान कसलं डोंबल! या उंदरात तो रिसेप्टर जन्मापासूनच नाहीये. त्याचा जीनच काढून टाकलाय. इथं काळोख दिसायला हवा होता."

"मग हे चमकतंय काय?"

"भलतंच काहीतरी. बाटलीवर रिसेप्टरचं नाव होतं, सगळे तीच अँटीबॉडी वापरतात, म्हणून मीही डोळे झाकून वापरली. ही तपासणी सगळ्यात आधी करायला हवी होती."

"म्हणजे बाबांना सांगितलंस ते?"

"त्याला काही आधारच नाही. नस दुखावलेल्या उंदरांत नाहीसं झालं, ते हेच भलतं काहीतरी असेल."

तिला चांगलं फैलावर घ्यावंसं वाटलं. पण ती सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद करून उठलीसुद्धा. डबा तसाच ठेवून आम्ही घरी आलो.

"बाबा, माझं चुकलं," ताई त्यांच्या पलंगाशी बसून म्हणाली. "डॉक्टर म्हणतात तेवढा डोस घ्या."

"आणि त्या खुर्च्या?"

"आहेत की नाहीत, मला माहीत नाही."

"छातीठोकपणे सांगत होतीस गं." बाबा चिडले नाहीत. चिडायचंही त्राण त्यांच्यात नव्हतं. मी डॉक्टरांना फोन करून डोस विचारून घेतला आणि गोळ्या दिल्या.

हळूहळू त्यांच्या कपाळावरच्या आठ्या सैल झाल्या. मग ते कुशीवर वळले, त्याच दुखऱ्या कुशीवर, आणि चक्क घोरायला लागले. मला इतकं हायसं वाटलं की हसूच आलं. ताई मात्र त्यांच्याकडे एकटक बघत होती.

"लागू पडलं रे," ती म्हणाली, आणि ओंजळीत तोंड लपवून हमसून हमसून रडायला लागली. "पहिल्याच दिवशी लागू पडलं असतं."