समुद्रबाबाचे खिळे

मारुतीच्या पारासमोर मुंगीलाही शिरायला जागा नव्हती. पारावर काचेची टाकी, टाकीत पाणी आणि पाण्यात नारंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे. तापीतले मासे फैजपूरच्या पट्ट्यात सगळ्यांनी पाहिलेले. पण मिठाच्या पाण्यात जगणारे असे रंगीत मासे कोणी पाहिले होते? बायका हात जोडून उभ्या होत्या. म्हातारी माणसं डोळे पुसत होती.

"द्वारकेच्या समुद्राचं पाणी!" समुद्रबाबा भोंग्यातून गरजत होता. "चाखून पाहा! खारट आहे का? आहे! मग समुद्रच झाला का नाही? झाला! हा रत्नं पोटात ठेवतो आणि पाप खाऊन टाकतो!"

या हिशेबानं घरोघरची आमटीसुद्धा समुद्रच ठरली असती. पण गर्दी "जय हो" म्हणून मोकळी झाली.

भाईदास गर्दी रेटत पुढे आला. तो दीपनगरच्या वीज केंद्रात, पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला. सकाळी निरोप आला, 'तुमच्या अक्काला डाकीण ठरवलंय, असाल तसे या.' मिळाला त्या ट्रकनं तो आला होता.

त्याची थोरली बहीण सुनंदाबाई पाराखाली एकटी बसली होती. नवरा वारल्यापासून केळीचा मळा तीच पाहायची. ज्या बायका उन्हाळ्यात तिच्या ओट्यावर पापड लाटायला बसत, त्याच आज तिचा पदर लागू नये म्हणून मागे सरकल्या होत्या. भाईदासला ते पाहवेना.

सुनंदाबाईचा दीर चुडामण. त्याचं पोर तापानं फणफणलेलं होतं. डॉक्टरकडे न्यायचं सोडून चुडामणनं हा बाबा आणला. बाबानं काल संध्याकाळी आळीतल्या प्रत्येक बाईला कमरेच्या दोन कप्प्यांच्या थैलीतून एकेक चकचकीत खिळा दिला, त्याला तिच्या लुगड्याचा दोरा बांधला आणि सगळे खिळे टाकीतलं पाणी भरलेल्या काचेच्या बरणीत सोडले. जिचा खिळा समुद्र खाईल, ती डाकीण. आज सकाळी बाकीचे खिळे जसेच्या तसे चमकत होते. सुनंदाबाईचा तेवढा तांबूस गंजून वर आला. आता दिवस मावळायच्या आत तिचे केस भादरून तिला वेशीबाहेर काढायचं ठरलं होतं. मळ्याची राखण चुडामण करणार होता, बिचारा!

"अक्का, तुले खिळा कोणी दिला?" भाईदासनं खाली बसून विचारलं.

"बाबानंच. सगळ्यायले त्यानंच आपल्या हातानं दिले." "भाईदास, मी कोणाच्या पोराचं वाईट कसं चिंतीन रे?"

भाईदासला भडभडून आलं, पण ही रडायची वेळ नव्हती. त्याची नजर पारावरच्या टाकीवर गेली आणि तिथंच थांबली.

त्याच्या दीपनगरच्या घरी अशीच टाकी होती. बायको त्या छंदाला खूळ म्हणायची. मुंबईहून मासे आणून त्यानं हौसेनं मिठाच्या पाण्यात सोडले, तेव्हा आधी झाकणाला पितळी स्क्रू लावले. ते हिरवे पडले, तांबं पाण्यात उतरलं आणि मासे उलटे होऊन तरंगले. मग लोखंडी चौकट केली. रंग देऊनही तिचे पोपडे निघाले. तेव्हा कुठं त्याला उमगलं, की खाऱ्या पाण्याच्या टाकीला काच, सिलिकॉन आणि प्लॅस्टिक, एवढंच चालतं. धातू लावायचाच झाला तर चांगल्यातलं स्टेनलेस, तेही पाण्याबाहेर.

आणि बाबाच्या टाकीला काय होतं? काच सिलिकॉननं जोडलेली, हवेची नळी प्लॅस्टिकची, झाकणाचे स्क्रूसुद्धा प्लॅस्टिकचे. म्हणजे खारं पाणी काय खातं आणि काय खात नाही, हे या लबाडाला पक्कं ठाऊक होतं!

भाईदास पारावर चढला. "बाबा, तुमच्या टाकीला लोखंडाचा कणही नाही. काहून?"

"समुद्रदेवाला लोखंड वर्ज्य आहे, बच्चा!"

"मग माझ्या बहिणीला लोखंडाचा खिळा काहून दिला?"

"मूर्खा! सगळे अष्टधातूचे! एका मुशीतले!"

चुडामणनं भाईदासची गचांडी धरली. "बहिणीपायी गाव बुडवतो का रे?"

"सोड त्याले," पोलीस पाटील बन्सीलाल आबा म्हणाले. "बाबा सगळे खिळे सारखे म्हणतात ना? मग पाहू दे. भीती कायची?"

भाईदासनं भोंगा काढून पारावर पालथा ठेवला. भोंग्याच्या मागच्या डब्यात लोहचुंबक असतं, हे तिथं एकट्या त्यालाच माहीत होतं. त्यानं बरणीतले चकचकीत खिळे एकेक करून त्यावर टेकवले. एकेक घरंगळून खाली पडला. मग त्यानं सुनंदाबाईचा गंजका खिळा टेकवला. तो टक्कन चिकटला.

गर्दीत कुजबुज झाली. पण बाबा काय कच्च्या गुरूचा चेला होता? "पाहिलंत!" तो ओरडला. "पाप चिकटलं! डाकिणीचा खिळा धरून ठेवला देवानं!"

झालं! गर्दी पुन्हा उसळली. "काढा तिले बाहेर!" कोणीतरी दगड उचलला. खरं ते दाखवलं आणि तेच बहिणीवर उलटलं होतं.

तेवढ्यात सुनंदाबाई उठली. पदर खोचून ती पारावर चढली आणि बाबाच्या कमरेची खिळ्यांची थैली तिनं हिसका देऊन तोडली. बाबा झेपावला, पण आबांनी त्याचा दंड धरला. तिनं थैलीतले खिळे भोंग्यावर ओतले. निम्मे चिकटले, निम्मे पारावर पडले.

"हे तर कोणालेच दिले नाही ना, बाबा?" ती म्हणाली. "मग यायच्यात कोणाचं पाप हाये? पुढच्या गावातली डाकीण आतापासूनच थैलीत घालून ठेवली का तू?"

दगड उचललेला हात खाली आला.

"काही लोखंडाचे आहेत, घासून चकचकीत केलेले," भाईदास म्हणाला. "बाकीचे स्टेनलेस स्टीलचे, ते भोंग्यातल्या लोहचुंबकाला चिकटत नाहीत. खारं पाणी लोखंड खातं, मग ते कोणाच्याही हातचं असो. स्टेनलेसला ते एका रात्रीत काही करत नाही."

धुरपदाबाई, आळीतली सगळ्यांत म्हातारी, कपाळावर हात मारून खाली बसली. "अव माय! लोणचं आपण लोखंडाच्या डब्यात कधी भरतो का व? साऱ्या जल्माचं माहीत होतं, अन् काल एकीच्याही डोक्यात आलं नाही!"

बाबाला आबांनी पोलिसांच्या हवाली केलं. चुडामणला मान वर करता येईना. त्याची बायको मंदाबाई पोराला छातीशी धरून उभी होती. काल रात्री त्या पोराला समुद्राचं तीर्थ म्हणून तेच खारं पाणी पाजलं होतं. सुनंदाबाईनं पोराच्या कपाळाला हात लावला. काल हाच हात मंदाबाईनं झिडकारला असता.

"भट्टीवानी तापलं व हे! भाईदास, गाडी बघ, आधी याले भुसावळले डॉक्टरकडे ने."

मग ती गर्दीकडे वळली. आता मात्र तिचे डोळे भरून आले होते. "माह्या भावानं टाकी पाळली म्हणून मी वाचली. जिले असा भाऊ नाही, तिनं काय करावं?"

अरे, त्या बाईला भाऊ कशाला लागतो? इतक्या माणसांत एकानं जरी काल संध्याकाळी विचारलं असतं, की बाबा, खिळे तुम्ही का वाटता, आम्ही आमच्या घरचे आणतो, तर पुरे होतं. त्याला शिक्षण लागत नाही, प्रयोगशाळा लागत नाही. चार माणसांत तोंड उघडायची हिंमत तेवढी लागते, आणि ती ज्याची त्यानंच करायची असते.