फ्रिजवरचा तक्ता

तिनं ओल्या लंगोटावर इस्त्री दाबून धरली. चर्र झालं, वाफ निघाली, आणि उचलून बघितलं तर कापड वरून गरम आणि आतून ओलंच. मागे पाळण्यात बाळ रडत होतं. रडून रडून त्याचा आवाज बसला होता, तरी थांबायचं नाव नव्हतं.

चार दिवस ऊन नव्हतं. घरभर दोऱ्या बांधल्या होत्या आणि त्यांवर चोवीस लंगोट कुबट वास मारत लोंबत होते. बाळाच्या मांड्या सोलल्यासारख्या लाल झाल्या होत्या. काल डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "काहीही करा, पण कोरडं ठेवा. नाहीतर चिघळेल."

काहीही म्हणजे काय, हे तिला कळत होतं. पण या घरात डायपर आणायचा नाही, हे बाळ पोटात असतानाच दोघांनी ठरवलं होतं. नुसतं ठरवून गप्प बसले असते तर एक वेळ ठीक. तिनं इमारतीच्या सभेत चांगलं भाषण ठोकलं होतं, एक डायपर कुजायला किती पिढ्या जातात ते हातवारे करून सांगितलं होतं. टाळ्याही पडल्या. तीन घरांनी मनावर घेतलं. त्यातल्या दोघींनी महिन्याभरात हात टेकले, खालच्या मजल्यावरची सून तेवढी अजून टिकून होती.

फ्रिजच्या दारावर नवऱ्यानं तक्ता चिकटवला होता. दोन रकाने, एक त्याचा आणि एक तिचा. सकाळी सात ते एक ती प्रयोगशाळेत लोकांचं रक्त तपासायची, तेव्हा बाळ त्याच्याकडे. मग तो छापखान्यात जायचा आणि बाकीचा दिवस तिच्याकडे. किती लंगोट लागले ते ज्यानं त्यानं लिहायचं. त्याच्या रकान्यात रोज दोन, फार तर तीन. तिच्या रकान्यात अकरा, बारा, काल तर चौदा.

"तुझ्या हातात आलं की धबधबा सुरू होतो बघ," तो हसत म्हणायचा. "अगं, शू येणार ते चेहऱ्यावरून कळतं त्याचं, की मोरीत धरायचं. जरा लक्ष द्यावं लागतं, एवढंच."

ती लक्ष देत होती. दुपारभर त्या एवढ्याशा चेहऱ्याकडे टक लावून बसायची, आणि बघता बघता मांडी ओली व्हायची. आईपण आपल्याला जमत नाही, हे तिनं अजून कुणाला सांगितलं नव्हतं. बाळ बापाकडे बरं राहतं, मग आपण कशाला हवे, असं हल्ली लंगोट पिळताना मनात यायचं. मग तिची तिलाच भीती वाटायची आणि ती नळ मोठा सोडायची.

शेवटचा कोरडा लंगोटही ओला झाला, तेव्हा तिनं इस्त्रीचं बटण बंद केलं. बाळाला शालीत छातीशी बांधलं, पिशवी घेतली आणि जिना उतरली.

कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात प्लॅस्टिकच्या पिशव्या बंद करायला तिनंच लावल्या होत्या. त्यासाठी दुकानदाराशी चांगली हुज्जत घातली होती. आत एक गिऱ्हाईक होतं, ते जाईपर्यंत ती बाहेर थांबली.

"मलम द्या, काका. पुरळावरचं."

त्यांनी मलम ठेवलं. "अजून काही?"

तिनं नुसतं मागच्या फळीकडे बघितलं.

"डायपर ना? साहेब नेतात तेच देऊ?"

"कुठले साहेब?"

"अहो, तुमचेच! सकाळी बाळाला फिरवायला आणतात ना, तेव्हा चार-पाच सुटे नेतात. आज अख्खं पाकीट देऊ का?"

"कधीपासून नेतात?"

"पहिल्या महिन्यापासूनच की," काका म्हणाले. मग तिचा चेहरा बघून ते गडबडले आणि उगाचच काउंटर पुसायला लागले.

तिला आधी राग आलाच नाही. आधी सुटका वाटली. म्हणजे आपलं काही चुकत नव्हतं. पोर पोरासारखंच होतं. राग त्यानंतर आला. सहा महिने हा माणूस रोज सकाळी पेन घेऊन त्या तक्त्यासमोर उभा राहिला होता, आणि आपण मात्र स्वतःला खात बसलो.

तिनं अख्खं पाकीट घेतलं आणि तिथंच दुकानातल्या बाकावर बाळाला मलम लावून डायपर बांधला. हातांना सवय नव्हती, पहिल्यांदा उलटा बांधला गेला. इमारतीपाशी पोचेस्तोवर बाळ गाढ झोपलं. इतक्या दिवसांत दुपारचं पहिल्यांदाच.

पहिल्या मजल्यावर ती सून दारातच उभी होती. पायाशी लंगोटांनी भरलेली बादली, आणि हात मनगटापर्यंत पांढरे पडलेले, बोटांच्या पेरांना चिरा.

"ताई, एक विचारू? हसू नका हं."

"विचार ना."

"तुमच्याकडे दिवसाला किती होतात हो? माझ्याकडे पंधरा-पंधरा होतात. रात्री अंग टाकलं की रडूच येतं बघा. सासूबाई म्हणतात, सोड हा नाद. पण मी त्यांना सांगते, वरच्या ताई करतातच ना."

सांगून टाकावं, असं तिला वाटलं. पिशवीतलं पाकीट काढून हिच्या हातात द्यावं आणि सगळं सांगून टाकावं. त्या बाईचे डोळे तिच्यावर खिळले होते. सभेत टाळ्या वाजवताना होते तसेच, फक्त आता खाली काळी वर्तुळं होती.

तिनं पिशवी पाठीमागे नेली.

"दोन," ती म्हणाली. "फार तर तीन. चेहऱ्यावरून कळतं गं. जरा लक्ष द्यावं लागतं."

सून बादलीकडे बघत राहिली.

"म्हणजे माझंच काहीतरी चुकतंय," ती म्हणाली, आणि बादली दोन्ही हातांनी उचलून आत गेली.