ज्याची सही, त्याची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. खुर्ची म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर जे काही आलं असेल, ते आधी पुसून टाका. मला हात नाहीत, चाकं नाहीत, पाठ टेकायला गादी नाही. धातूच्या चार नळ्या, त्यांवर ताणून शिवलेलं जाड हिरवं कापड आणि दोन पट्टे, एवढाच माझा संसार. ज्यांना आरामात बसायची सवय आहे त्यांना मी टोचते. त्याचं मला कधीच वाईट वाटलेलं नाही.

नौदलाच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. नळ्या एका वेल्डरने जोडल्या आणि कापड एका शिवणकाम करणाऱ्या बाईंनी शिवलं. शेजारी नवीनच कामाला लागलेली मुलगी घाईघाईने टाके घालत होती. बाई तिला म्हणाल्या, "अगं, यावर माणूस बसणार आहे, पोतं नाही. टाका दुहेरी घाल." पुढे आयुष्यात मला फार मोठमोठी माणसं भेटली. त्यांच्यापैकी एकालाही देशाच्या संरक्षणातलं त्या बाईंइतकं कळत नव्हतं.

मला एका हेलिकॉप्टरमध्ये बसवलं. ते युद्धनौकेवरून उडायचं आणि बुडणाऱ्यांना समुद्रातून वर ओढून आणायचं. त्यात पाच खुर्च्या वैमानिकांच्या आणि बचाव करणाऱ्यांच्या होत्या. सहावी मी, अगदी मागे, गिअरबॉक्सच्या खाली. गिअरबॉक्स म्हणजे डोक्यावरचा मोठा पंखा फिरवणारी दातेरी चाकांची पेटी. ती बिघडली की पंखा थांबतो. खाली समुद्र असतो, पुढचं तुम्हीच समजून घ्या.

माझी जागा ही तिथल्या एका रीतीमुळे होती. माझ्या जन्माच्या काही वर्षं आधी असंच एक हेलिकॉप्टर चार माणसांसकट बुडालं होतं. ते उडायला योग्य आहे अशी सही कागदावर होती. सही करणारा किनाऱ्यावर जेवत होता. तेव्हाच्या तळप्रमुखांनी हुकूम काढला की मोठी दुरुस्ती झाली की ज्याने सही केली त्याने पहिल्या फेरीत स्वतः आत बसायचं. ज्याची सही, त्याची खुर्ची. म्हणतात, त्या महिन्यापासून सह्या कमी झाल्या आणि तपासण्या वाढल्या.

अठरा वर्षं माझ्यावर मुख्य मेकॅनिक बसले. त्यांना सगळा तळ मामा म्हणतो. आधी त्यांना सगळे मास्तर म्हणायचे. मग त्यांची सख्खी भाची वैमानिक होऊन याच तळावर आली आणि पहिल्याच दिवशी शंभर माणसांसमोर तिच्या तोंडून "मामा, डबा आणलाय का?" असं निघून गेलं. मामा कानापर्यंत लाल झाले. मास्तर तिथेच संपले.

मामांची बसायची एक तऱ्हा होती. पट्टा आवळायचा, डोळे मिटायचे आणि उजव्या हाताचा तळवा माझ्या नळीवर ठेवायचा. माझ्या नळ्या हेलिकॉप्टरच्या सांगाड्याला बोल्टने आवळलेल्या होत्या, त्यामुळे वरच्या चाकांची थरथर माझ्यातून थेट त्यांच्या हातात उतरायची. एकदा उतरल्यावर ते एवढंच म्हणाले, "घरघर ठीक आहे, कुरकुर नको." पेटी उघडली तर एक बेअरिंग झिजलेलं होतं. तळावरच्या महागड्या यंत्राला ते दिसलं नव्हतं. मला अभिमान वाटला, आणि तो मी लपवणार नाही.

पण आमचं हेलिकॉप्टर म्हातारं होत होतं. त्याचे सुटे भाग बनवणारा कारखाना बंद पडला होता. नवीन हेलिकॉप्टरं घ्यायची हे सगळ्यांना मान्य होतं, आणि नेमकं म्हणूनच ती घेण्यासाठी समिती नेमण्यात आली. पाच वर्षं ते घोंगडं भिजत पडलं. मग एके दिवशी दोन माणसं पाना घेऊन आली आणि माझे बोल्ट सोडवू लागली.

"हिला कुठे नेताय?" मामांनी विचारलं.

"समितीला नमुना बघायचाय. सहावी खुर्ची हवी की नको ते ठरवायचंय. पंधरा दिवसांत परत."

ते पंधरा दिवस सहा वर्षं चालले.

समितीची खोली तुम्ही पाहायला हवी होती. लांबलचक टेबल, त्यावर कापडी फुलं, मधोमध हेलिकॉप्टरचं छोटं मॉडेल. बोलता बोलता जो तो त्याचा पंखा बोटाने फिरवायचा, म्हणून तो दुसऱ्याच महिन्यात तुटला आणि चिकटपट्टीने जोडला गेला. भोवती चाकांच्या, कातडी खुर्च्या. कोणी बसलं की त्या 'हुश्श' करायच्या. त्यांना वाटायचं देश आपल्यावरच टेकलाय. मला कोपऱ्यात ठेवलं होतं. नमुना म्हणून माझ्यावर कोणी एकदा तरी बसून बघेल असं मला वाटलं होतं. सहा वर्षांत माझ्यावर फक्त कोट बसले.

तिथे रोज चर्चेचं गुऱ्हाळ चालायचं. जहाजवाले म्हणायचे, आधी जहाजं घ्या, हेलिकॉप्टर उतरणार कुठे? विमानवाले म्हणायचे, आधी विमानं घ्या, नुसत्या जहाजांना विचारतो कोण? तिजोरीवाले दोघांनाही म्हणायचे, पुढच्या वर्षी बघू. पाण्यात बुडणाऱ्या माणसाला पुढचं वर्ष नसतं, हे त्या खोलीत कोणी बोललं नाही. समुद्र पाहिलेली माणसं तिथे मुळातच कमी होती. उंटावरून शेळ्या हाकणं मी ऐकून होते. इथे शेळ्याही कागदावरच्या होत्या.

या सगळ्यांचे अध्यक्ष होते, त्यांना मी दोनमुद्दे म्हणायचे. "मला फक्त दोनच मुद्दे मांडायचे आहेत," असं म्हणून ते उठायचे आणि सातव्या मुद्द्याला घड्याळ बघायचे. त्यांनी प्रत्येकाला खूश ठेवायचं ठरवलं होतं. एकाने म्हटलं, पाणबुडी शोधणारं यंत्र हवं, घातलं. दुसऱ्याने म्हटलं, लांब पल्ल्याचं रडार हवं; घातलं. तिसरा म्हणाला, त्यातून मालही नेता आला पाहिजे. कागदावरचं हेलिकॉप्टर फुगत गेलं आणि मग कोणाच्या तरी लक्षात आलं की ते जहाजाच्या डेकला पेलणार नाही. वजन कमी करायला हवं. सगळ्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली.

"नऊ किलो," दोनमुद्दे म्हणाले. "आणि बसतं कोण, तर मेकॅनिक. तो खालूनही बघू शकतो की."

मला एकमताने वगळलं. त्याच बैठकीत, चहा झाल्यावर, मान्यवर पाहुण्यांसाठी दोघांना बसता येईल अशी गादीची खुर्ची मंजूर झाली. तिचं वजन एकतीस किलो. टिपणं घेणाऱ्या बाईंनी दोन्ही आकडे एकाखाली एक लिहिले, क्षणभर पेन थांबवलं आणि पान उलटलं. त्या खोलीत लाज वाटलेलं ते एकच माणूस मी पाहिलं.

अर्थात वजन पुन्हा वाढलं. मग डेक मजबूत करता येतील का हे पाहायला उपसमिती नेमली. तोवर काय? तोवर जुन्याच हेलिकॉप्टरांचं आयुष्य आणखी पाच वर्षं वाढवायचं. आयुष्य असं सहीने वाढत असतं तर मित्रांनो, शिवणकामाच्या त्या बाईंसाठी मी स्वतः जाऊन सही मागितली असती.

ही सही दोनमुद्दे तळावर जाऊन, छायाचित्रकारांसमोर करणार होते. सोबत मलाही नेलं. तसं माझं तिथे काही काम नव्हतं, पण समितीच्या खोलीला रंग द्यायचा होता.

सहा वर्षांनी मी माझं हेलिकॉप्टर पाहिलं. माझ्या जागी रबराच्या जाड चटईवर अवजारांची एक लाकडी पेटी पट्ट्यांनी बांधलेली होती. तिचं झाकण मधोमध बसून बसून गुळगुळीत झालं होतं. सहा वर्षं मामा त्या पेटीवर बसत होते. रीत त्यांनी मोडली नव्हती. पण लाकडातून आणि रबरातून थरथर हातात येत नाही. नऊ किलोंचा वाद घालायला या लोकांनी माझ्या मामांचा कानच काढून नेला होता. मला इतका संताप आला की नळ्या तापल्या असतील.

भाची त्या दिवशी पहिल्यांदाच मुख्य वैमानिक म्हणून उडणार होती. नऊ वर्षं तिने वाट पाहिली होती. गणवेश कडक इस्त्रीचा होता आणि आई-वडील मंडपात बसले होते. दोनमुद्द्यांनी टेबलावर ऐटीत सही केली आणि टाळ्या झाल्या. टाळ्या थांबेपर्यंत मामांनी पेटी बाहेर काढून माझे चारही बोल्ट आवळले होते. मग ते हात पुसत मंडपात गेले.

"चला साहेब," ते म्हणाले. "ज्याची सही, त्याची खुर्ची. पाच वर्षांची सही तुम्ही केलीय. आजच्या दिवसाची मी करतो, पण तुम्ही एक फेरी मारून आल्यावर."

"अहो, ती रीत मेकॅनिकांसाठी आहे."

"रीत सहीसाठी आहे, साहेब."

दोनमुद्द्यांनी घड्याळ बघितलं. चार वाजता बैठक होती. उपाध्यक्षांची पाठ धरली होती. चिटणिसांना कानाचा त्रास होता. भाचीने मामांना बाजूला घेतलं.

"मामा, आज नको ना," ती दबक्या आवाजात म्हणाली. "आई-बाबा आलेत. तुम्ही सही करा, आपण दोघं जाऊ. नेहमीसारखं."

"तू आत आहेस म्हणूनच सांगतोय," मामा म्हणाले. "सहा वर्षं मी पेटीवर बसून अंदाजाने सह्या केल्यात. मला झोप लागत नाही गं."

तिने तोंड फिरवलं आणि पुढे जाऊन बसली. इकडे छायाचित्रकारांनी कॅमेरे वर केले होते. कॅमेऱ्यासमोर नाही म्हणणं दोनमुद्द्यांना जमलं नसतं. ते माझ्यावर येऊन बसले आणि हसले. छायाचित्र निघालं. मामा शेजारी गुडघ्यावर टेकले. त्यांनी तळवा माझ्या नळीवर ठेवला.

उडण्याआधी दहा मिनिटं इंजिन जमिनीवरच चालवतात. पंखा फिरू लागला आणि मला पहिल्याच मिनिटाला कळलं. ती कुरकुर नव्हती. दर फेऱ्याला एक ठोका बसत होता, दातांवर दात आपटावेत तसा. तो माझ्या नळ्यांतून उतरला, मामांच्या हातात गेला आणि दोनमुद्द्यांच्या पाठीच्या कण्यातही गेला.

"हे असंच असतं का?" त्यांनी ओरडून विचारलं.

"नाही, साहेब."

पुढे एकही मुद्दा आला नाही. चौथ्या मिनिटाला त्यांनी पट्टा सोडला आणि वाकून, टाय सावरत, मंडपाकडे धूम ठोकली. तिथे पोचल्यावर त्यांनी केस नीट केले आणि म्हणाले, "उत्तम. समाधानकारक. उडू द्या."

भाचीने हे सगळं समोरच्या आरशात पाहिलं. तळप्रमुख खालून अंगठा वर करून उड्डाणाची खूण करत होते. तिच्या मागे नऊ वर्षांची वाट होती आणि मंडपात आई होती. तिने मागे वळून मामांकडे बघितलं. मामांचा तळवा अजून नळीवरच होता. तिने हात वर नेला आणि इंजिन बंद केलं.

"जो सही करून उतरतो," ती खाली येऊन तळप्रमुखांना म्हणाली, "त्याच्या सहीवर मी उडणार नाही." मग ती हँगरमागे जाऊन रडली. मामा तिच्यामागे गेले नाहीत. ते शिडी लावून गिअरबॉक्सची पेटी उघडायला चढले होते.

मुख्य चाकाचे दोन दात मुळापासून तडकलेले निघाले. आणखी अर्धा तासच टिकले असते, असं मामा म्हणाले. अर्ध्या तासात ती किनाऱ्यापासून पन्नास किलोमीटर आत असती.

आता तुम्हाला वाटेल समितीने मान खाली घातली असेल. छे. पुढच्या आठवड्यात पत्रक निघालं की अध्यक्षांच्या दक्षतेमुळे गंभीर दोष वेळीच उघडकीस आला. म्हणून मित्रांनो, तुम्ही शाळेतून रांगेने ज्या संग्रहालयात येता, तिथे मी काचेमागे आहे आणि माझ्यापुढे पितळी पाटी आहे: 'या आसनावर बसून माननीय अध्यक्षांनी स्वतः चाचणी घेतली.' माझ्यावर अठरा वर्षं बसलेल्या माणसाचं नाव त्यावर नाही. चार मिनिटं बसलेल्याचं आहे. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, पण नागोबा निदान बिळात राहतो तरी.

अध्यक्षांच्या त्या चार मिनिटांच्या भीतीने एक काम मात्र झालं. नवी हेलिकॉप्टरं आली, आणि ती ठरल्याच्या निम्मी आली. सहावी खुर्ची नाही, पाहुण्यांची गादी आहे. भाची आता तळप्रमुख आहे. आल्या आल्या तिने एका हेलिकॉप्टरमधली गादी काढायला लावली आणि मामांच्या जुन्या पेटीचं झाकण धातूच्या चौकटीवर बसवून ती चौकट थेट सांगाड्याला आवळली. तिथली मेकॅनिक सही करते आणि त्यावर बसते. मामा निवृत्त झाले आहेत. रविवारी ते संग्रहालयात येतात आणि रखवालदाराला सांगून काच उघडवतात. त्यांच्या खिशात पाना असतो. माझा एकही बोल्ट ढिला नसतो, तरी ते चारही तपासतात.

माझी काळजी घ्या असं मी तुम्हाला सांगणार नाही, ती घेणारा माणूस आहे. तुम्ही स्वतःची घ्या. उद्या तुम्ही मोठे व्हाल आणि कोणीतरी गुळगुळीत टेबलाशी बसून तुमच्या जिवावर सही करेल. त्याला नम्रपणे विचारा, "साहेब, आणि तुम्ही कुठे बसणार?" तो घड्याळ बघायला लागला, तर त्या यंत्रात पाऊल ठेवू नका.