ऐकण्यापुरता फोन

नववीत असताना मोठा ताप आला आणि करिश्माचे दोन्ही कान गेले. मशीन लावूनही वर्गात नुसती घरघर ऐकू यायची. शेवटी तिच्या बाबांनी, साईनाथने, फोनमध्ये एक ॲप टाकून दिलं. बाई बोलायच्या ते स्क्रीनवर मराठीत उमटायचं. फोन बाकावर ठेवून करिश्मा वाचायची. दहावीच्या पहिल्या चाचणीत ती सगळ्या विषयांत पास झाली.

दिवाळीनंतर शाळेने फोनबंदी केली. दोन मुलांनी बाईंचा व्हिडिओ काढून पसरवला होता. गेटवरच सगळ्यांचे फोन पेटीत जायला लागले. करिश्माचाही गेला.

साईनाथ मानपाड्याच्या कंपनीतली पाळी बुडवून, बायकोला, रसिकाला घेऊन मुख्याध्यापकांकडे गेला.

"सर, ती खेळत नाही हो फोनवर. तोच तिचा कान आहे."

"मला कळतंय. पण एकीला दिला तर उद्या पन्नास पालक इथे उभे राहतील. संस्थेचा निर्णय आहे."

"मग तिने करायचं काय?"

"बाईंना फळ्यावर जास्त लिहायला सांगतो."

"सर, मी बसू तिच्याजवळ?" रसिका एकदम म्हणाली. "बाई बोलतील ते लिहून देते."

सरांना नाही म्हणवेना.

रसिका सातवीपर्यंत शिकलेली. दुसऱ्या दिवशी ती शेवटच्या बाकावर लेकीला चिकटून बसली. विज्ञानाचा तास होता. 'अपवर्तन' लिहिताना ती अडली, तोवर बाई कुठल्या कुठे पोचलेल्या. ओठ चावत, सापडेल तो शब्द ती वहीत टाकत राहिली. पुढची मुलं वळून हसत होती.

करिश्माने आईच्या हातातून पेन काढून घेतलं.

"आई, राहू दे!"

ती केवढ्याने ओरडली ते तिला कळलंच नाही. बाई शिकवता शिकवता थांबल्या.

"अगं, असं नको ना करू," रसिका म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं. तिने पेन परत घेऊन लिहिलं : 'मी शिकते. हळूहळू जमेल मला.'

करिश्माने खाली लिहिलं : 'परीक्षा फेब्रुवारीत आहे.'

बाई खडू धरून फळ्याकडे वळल्या. पोर्शन संपवायचा होता. त्या बोलायला लागल्या तशी रसिका पुन्हा वहीवर वाकली. करिश्मा खिडकीबाहेर बघत होती.