डावं सूत

डोंगरांतल्या अफाट तळ्यामधल्या ताकिले बेटावर नाझारियाचं लोकरीचं सूत कोणी तपासून घेत नसे. दुसऱ्या कुठल्या बाईचं सूत हातात आलं की पुरुषमंडळी आधी ते दोन बोटांत धरून ओढून बघणार, गुठळ्या शोधणार, नाकं मुरडणार. नाझारियाचं आलं की मुकाट्यानं विणायला गळ्याभोवती टाकायचं आणि सुया चालवायच्या. बेटावर बायका सूत कातणार, पुरुष टोप्या विणणार आणि दोघंही एकमेकांच्या कामाला नावं ठेवणार, हे पहिल्यापासूनचंच. पण नाझारियाला नाव ठेवायला कुणाची जीभ रेटली नव्हती.

बरं, ती काही त्यासाठी ठाण मांडून बसत नसे. पाठीवर बटाट्यांचं गाठोडं, पायाखाली चढणीच्या दगडी पायऱ्या, समोरून येणारीशी गप्पा चालू, आणि बाजूला टकळी आपली गरगर फिरतेय. तिचा नवरा तिबुर्सियो म्हणायचा, "हिला झोपेत टकळी द्या, सकाळी सूत तयार!" तो तरी काय कमी होता? सायकलच्या तारा घासून केलेल्या त्याच्या सुया, आणि टाके इतके घट्ट की त्याच्या टोपीतून वारासुद्धा विचारून आत जायचा.

गेल्या पेरणीच्या दिवसांत तिबुर्सियो जाळं घेऊन तळ्यावर गेला, तो आलाच नाही. वादळ झालं होतं. पुढं होडी तेवढी सापडली, पलीकडच्या लव्हाळ्यात अडकलेली. होडीत जाळं नव्हतं, माणूस नव्हता. त्याची लाल टोपी होती, उताणी पडलेली आणि पावसाच्या पाण्यानं काठोकाठ भरलेली. नाझारियाचा दीर दोनातो, त्यानं ती तशीच भरलेली दोन्ही हातांत धरून वर आणली आणि वहिनीच्या हातात दिली. एक थेंब गळत नव्हता. गर्दीतला कोणी तरी म्हणालासुद्धा, "विणकर होता बुवा!" नाझारिया टोपी धरून उभीच राहिली. हे पाणी ओतायचं कुठं, हे तिला कळेना. शेवटी दोनातोनंच टोपी काढून घेतली आणि पाणी भिंतीच्या कडेला ओतलं.

मयताचे पाय बांधायला डावं सूत लागतं. रोजच्या सुताला पीळ उजवीकडे द्यायचा, मयताच्या सुताला डावीकडे, म्हणजे गेलेल्याला परतीची वाट सापडत नाही. नाझारिया त्याच दुपारी टकळी घेऊन बसली आणि तिनं डावं सूत कातलं. पण बांधायला पाय कुठले? तळं काही परत करत नाही. सूत टोपलीत पडून राहिलं.

ती रडली नाही. आधी शेजारणी म्हणाल्या, धीराची आहे हो. मग म्हणाल्या, रडायला हवं होतं बाई. नाझारियाला धीरही नव्हता आणि रडूही येत नव्हतं. आत काहीच नव्हतं. एकदा तिनं चुलीवरचं मडकं नुसत्या हातांनी उचललं. मुलगी, असुंता, किंचाळली, "आई, अगं हात!" नाझारिया तळव्याकडे बघत म्हणाली, "हो का?" जणू हात शेजारणीचा होता. कडाक्याच्या थंडीत ती तळ्यावर बटाटे धुवायला जाई, बाकीच्या बायका फुंकरा मारून बोटं ऊब धरायला काखेत घालत, आणि ही आपली कोपरापर्यंत हात बुडवून बसलेली. चव कळत नव्हती, गारठा कळत नव्हता. हात तेवढे चालत. कधी नव्हे इतके वेगानं चालत. टोपली भरली, दुसरी भरली. विणायला कुणाला द्यावं, हे काही तिच्या मनात येत नव्हतं.

आता असुंताचं सांगायला हवं. तिचं मन बसलं होतं सेल्सोवर. सेल्सो म्हणजे बेटावरचा सगळ्यात चपळ हात. बाकीच्यांची एक टोपी होते तोवर ह्याच्या दोन. पण त्या पर्यटकांना विकायच्या टोप्या, भराभर उरकलेल्या. माणसं चिडवायची, "सेल्सो, तुझी टोपी उन्हाळ्यात बरी रे, डोक्याला हवा लागते!" तो हसायचा, मानेमागून सूत ओढायचा आणि पुढच्या टोपीला लागायचा.

पण लग्नाची टोपी म्हणजे पोरखेळ नव्हे. मुलानं लाल टोपी विणून मुलीच्या घरी न्यायची. मुलीचा बाप सगळ्यांदेखत तिच्यात पाणी ओतणार. पाणी राहिलं तर मुलगा घरात. गळलं तर आल्या वाटेनं परत, आणि पुढं वर्षानुवर्षं लोकांच्या तोंडी. शिवाय सूत मुलाच्या घरचं हवं, त्याच्या आईनं नाही तर बहिणीनं कातलेलं. सेल्सोला बहीण नव्हती आणि आईचे हात कापत. तिचं सूत कुठं सुतळी तर कुठं कोळ्याचं जाळं. त्या सुताच्या टोपीनं बापजन्मात पाणी धरलं नसतं.

मग असुंतानं केलं काय, तर आईच्या टोपलीतलं सूत उचललं. आईला कुठं पत्ता लागणार होता! तिनं स्वतः ते लाल रंगवलं आणि सेल्सोला नेऊन दिलं. "मेलास तरी सांगायचं नाही," तिनं बजावलं. "लोक म्हणतील, पोरीनंच चोरून नवरा पास करून घेतला."

सेल्सोनं ती टोपी कशी विणली म्हणता! भराभर विणणारा गडी, पण एकेका टाक्याला जीव लावला. विणलेलं उसवलं, पुन्हा विणलं. पर्यटकांच्या होड्या येऊन गेल्या तरी मान वर केली नाही. मित्र म्हणाले, याच्या हातांना लकवा झाला की काय.

ठरल्या दिवशी नाझारियाच्या अंगणात माणसं जमली. रीतीप्रमाणे चघळायला कोकाची पानं दिली-घेतली गेली. बापाच्या जागी दोनातो उभा राहिला, छाती काढून, घसा खाकरत. त्याला हा मुलगा पसंत नव्हताच. त्यानं टोपी उलटसुलट करून पाहिली, सेल्सोच्या हातात उताणी धरायला दिली आणि तांब्यातलं पाणी ओतलं.

पाणी राहिलं. असुंतानं श्वास सोडला. तेवढ्यात टोकाशी एक थेंब जमला, लोंबकळला आणि पडला. मग दुसरा. मग धारच लागली.

"अरे टोपी आणलीस की जाळं?" दोनातो ओरडला. "मासे धरायला जा!"

हशा पिकला. कोणी म्हणालं, "उतावळा नवरा, दुसरं काय!" दुसरा म्हणाला, "सवय जाते का? घाईचा हात तो घाईचाच."

सेल्सोचे कान टोपीपेक्षा लाल झाले. एवढा बोलका मुलगा, पण अवाक्षर काढलं नाही. असुंतानं ओढणी पुढं ओढून तोंड झाकून घेतलं.

नाझारिया हे सगळं बघत होती, कोणी लांबच्या गावची गोष्ट सांगावी आणि आपण ऐकावी तसं. दोनातोनं ओली टोपी तिच्याकडे टाकली. "पीळ ग वहिनी, आणि देऊन टाक त्याला परत."

ती पिळायला लागली आणि बोटं थांबली. टोपी पिळताना सूत बोटांखाली उलटं सरकत होतं. तिनं एक टाका नखानं उचलला, धागा चिमटीत घेऊन फिरवला. पीळ डावीकडे. दुसरा टाका. डावीकडे. आणि धागा कुणाचा हे तर तिला डोळे मिटूनही कळलं असतं. स्वतःचं मूल अंधारात कुशीत आलं तर आईला विचारावं लागतं का, कोण म्हणून?

म्हणजे तिबुर्सियोसाठी त्या दुपारी हात डावीकडे वळला, तो वळलेलाच राहिला होता. सगळा हिवाळा. टोपल्याच्या टोपल्या मयताचं सूत. तिनं कधी खाली बघितलंच नव्हतं, आणि नाझारियाचं सूत दुसरं तरी कोण तपासणार? असुंताला डोळे होते, पण तिनंही आईचं म्हणून निर्धास्त घेतलं.

नाझारियाला धक्का बसायला हवा होता. बसला नाही. एकच विचार आला, अगदी कोरडा. आपण गप्प बसलो तर मुलगा परत जाईल आणि असुंता घरात राहील. चूल पेटलेली राहील, कोणी तरी "आई, अगं हात" म्हणून ओरडत राहील. नाही तर ह्या घरात आपण आणि टकळी. बोलायचं काही कारणच नव्हतं. मुलगा स्वतः बोलत नव्हता.

तो बोलत का नव्हता? तिनं वर बघितलं. सेल्सो असुंताकडे बघत होता, आणि असुंता मान हलवून त्याला नको म्हणत होती. एवढ्या लोकांत अब्रू गेली तरी तो तिचं नाव घेणार नव्हता. घाईचा हात म्हणे!

"सूत माझं आहे," नाझारिया म्हणाली.

हशा थांबला.

"माझ्या टोपलीतलं आहे. आणि डावं आहे. विणकरांनो, तुम्हीच सांगा, डावं सूत आपल्या सुयांवर कसं चालेल? प्रत्येक टाक्याला पीळ सुटत जाणार. ह्यात थेंबभर पाणी राहिलं हेच नवल."

सेल्सोच्या तोंडातून निघूनच गेलं, "मावशी, मला कळायचंच नाही! टाका घातला की ढिला, घातला की ढिला. वाटलं माझाच हात वाईट. बोटं सोलवटली ओढून ओढून."

दोनातोचा आता नुसता तिळपापड झाला. "मयताचं सूत! होणाऱ्या जावयाच्या डोक्यावर? आणि तेही मुलीकडचं? वहिनी, तुझं डोकं तळ्यात गेलंय का? संपलं हे लग्न. पाणी एकदाच ओततात."

"मुलीचा बाप ओततो, भावजी. तुम्ही बाप नाही."

"मग आता बाप कुठून आणू?"

"मी ओतेन. दुसऱ्या टोपीत. सूत मी कातून देईन, सगळ्यांना सांगून, उजवं. ह्याला बहीण नाही. मी कातलं तर कुणाचं काय जातं?"

"बाई ओतणार पाणी?"

"का? जड असतं का?"

ह्यावर म्हाताऱ्या बायका अशा काही हसल्या की दोनातोला तांब्या खाली ठेवावा लागला.

बोलून गेली खरी, पण दुसऱ्या दिवशी टकळी हातात घेतली आणि हात ऐकेना. उजवीकडे फिरवावी, तर बोटं आपसूक डावीकडे. जबरदस्तीनं उजवीकडे दिली की धागा तुटे. तुटे, टकळी दगडांवर खडखडत जाई, असुंता आणून देई. लहानपणी शिकतानाही तिचं इतकं तुटलं नव्हतं. "राहू दे आई," असुंता रडकुंडीला येऊन म्हणाली. "मी कातते. जाडंभरडं तर जाडंभरडं."

"गप्प बस. माझा हात धर."

असुंतानं आईचं मनगट धरलं आणि दोघींनी मिळून टकळी उजवीकडे फिरवली. किती तरी वेळ. कधी तरी असुंतानं हात सोडला आणि ते नाझारियाच्या लक्षात आलं नाही. सूत उतरू लागलं. सावकाश, पण बारीक, पूर्वीसारखं. तिला बरं वाटलं नाही. डावा पीळ हातातून गेला, आणि तिबुर्सियोचं जे काही हातात उरलं होतं ते गेलं, एवढंच तिला वाटलं.

सेल्सो तिच्याच अंगणात भिंतीला टेकून विणायचा. येणारेजाणारे डोकावून सूत चिमटीत धरून बघायचे, नाझारियाचं सूत! ती काही म्हणायची नाही.

टोपी झाली. पुन्हा माणसं जमली. नाझारियानं स्वतः पाणी ओतलं आणि टोपी सेल्सोच्या हातातून आपल्या हातात घेतली. दोनातो वाकला, खालून तळहात लावून पाहिलं, पुन्हा पाहिलं. हात कोरडा. "दादाची टोपी अशी असायची," तो हळूच म्हणाला आणि नाक पुसत बाजूला झाला.

नाझारिया भरलेली टोपी धरून उभी राहिली. सगळे थांबले. असुंता म्हणाली, "आई, ओत ना आता." मग ती भिंतीच्या कडेला गेली आणि पाणी तिथंच ओतलं, जिथं मागं दोनातोनं ओतलं होतं.

"ती पहिली टोपी उसव," तिनं सेल्सोला सांगितलं.

"ठेवली असती मावशी, लोकर चांगली..."

"ज्याची आहे त्याला द्यायचीय."

लग्नाआधी तिघंच होडीतून निघाली. सेल्सो वल्ही मारत होता. लव्हाळ्यांच्या अलीकडे, जिथं तळ दिसत नाही, तिथं नाझारियानं थांब म्हटलं. तिनं बरोबर आणलेली तिबुर्सियोची टोपी काढली, आत एक दगड ठेवला आणि उसवलेलं लाल सूत टोपीला गुंडाळायला लागली. पाय बांधतात तसं, एकावर एक वेढे, घट्ट, शेवटाला गाठ. सूत सगळं संपवलं.

मग वाकून तिनं टोपी पाण्यात धरली. टोपी भरत गेली. तिनं कोपरापर्यंत हात आत घातला आणि सोडली. लाल रंग जरासा दिसला, मग नाही.

हात मात्र तिनं बाहेर काढला नाही.

"आई?" असुंता म्हणाली.

"अगं, किती गार आहे ग हे पाणी!" नाझारिया म्हणाली. ती हाताकडे बघत होती. "इतकं गार! आणि तो आत आहे ग. इतके दिवस आत आहे."

सेल्सोनं वल्ही टाकून अंगावरचं कांबळं काढलं आणि तिच्या खांद्यावर घातलं, कारण तिचे दात वाजायला लागले होते.