रॅगटाइम ते हिप-हॉप, निवेदनासह

संगीताला भाषेची गरज नसते, असं थोर लोक सांगून गेले आहेत. त्यांनी मराठी मंडळाचा कार्यक्रम पाहिलेला नसावा. तिथं प्रत्येक गाण्याआधी निवेदन असतं, आणि शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या मंडळात गेली अकरा वर्षं ते जगन्नाथराव करत होते. गाणं चार मिनिटांचं असेल तर निवेदन सात मिनिटांचं. गाण्यांनीही हे मान्य केलं होतं.

२००६ ची संक्रांत मंडळानं सोयीचा शनिवार बघून फेब्रुवारीत ठेवली. त्याआधी अध्यक्ष रेखाताईंचा फोन आला.

"जगन्नाथराव, कमिटी म्हणते यंदा निवेदन नको. प्रसन्न डीजे करतोय. शंभर वर्षांचं अमेरिकन म्युझिक. नाहीतर मुलं येतच नाहीत हो."

"शंभर वर्षं, आणि निवेदन नाही?" जगन्नाथराव शांतपणे म्हणाले. "कुठलं साल चाललंय ते लोकांना कळणार कसं?"

रेखाताईंनी घड्याळ पाहिलं. "बरं, करा. पण रंगलं नाही, तर पुढच्या वर्षीपासून तुमचा माइक बंद."

जगन्नाथरावांनी लायब्ररीतून नऊ पुस्तकं आणली. जेवताना ते बायकोला, मालिनीबाईंना सांगत, "ब्लूज म्हणजे आपली ओवीच गं. जात्याऐवजी गिटार."

"असेल. आमटी वाढू?"

निवेदनाची बासष्ट पानं झाली. ती बघायला प्रसन्न घरी आला. हा पुण्याहून पीएचडीला आलेला मुलगा, वीकेंडला पार्ट्यांमध्ये गाणी वाजवायचा.

"काका, माझा सगळा सेटच एक तासाचा आहे."

"मग तू मागे वाजव की. हळू. पार्श्वसंगीत."

प्रसन्ननं मालिनीकाकूंकडे पाहिलं. काकूंनी त्याच्या ताटलीत आणखी एक तिळाचा लाडू ठेवला आणि त्या लाडवाकडेच बघत राहिल्या.

"काका, असं करू," प्रसन्न म्हणाला. "स्टेजवर तुमच्या पायाशी एक वेगळा स्पीकर ठेवतो. तुमचा आवाज तुम्हाला क्लिअर ऐकू यायला हवा."

जगन्नाथरावांना भरून आलं. अकरा वर्षांत त्यांच्या आवाजाची एवढी काळजी कुणी केली नव्हती.

कार्यक्रमाच्या दिवशी शाळेच्या हॉलबाहेर स्नो बुटांची रांग लागली. आत रॅगटाइमचा पियानो टुणटुणू लागला आणि जगन्नाथराव मिसिसिपी नदीच्या उगमापासून निघाले. तिसऱ्या पानावर दोघं जण गाडीवरचा बर्फ बघायला बाहेर गेले. पहिल्या रांगेतल्या डॉक्टर गुरुदत्तांनी डोळे मिटले. जगन्नाथरावांनी घसा खाकरला, म्हणाले, "तर रसिकहो, थोडक्यात सांगतो," आणि चौथं पान उलटलं.

तिथून कार्यक्रमानं जो वेग घेतला! पार्श्वसंगीत जरा मोठं वाटत होतं, पण पायाशी त्यांचा स्वतःचा आवाज खणखणीत होता. जॅझला पाय हलू लागले. स्विंगला डॉक्टर गुरुदत्त उठले आणि त्यांनी पैठणीसकट बायकोला गिरकी दिली. निवेदनावर कुणी नाचल्याचं जगन्नाथरावांना आठवत नव्हतं. डिस्कोला बर्फ बघायला गेलेले परत आले. हाउस म्युझिक तर शिकागोचंच, म्हणजे इथून तीस मैलांवरचं; त्याची सहा पानं त्यांनी घरच्या कार्याच्या उत्साहानं वाचली.

मग हिप-हॉप. यावर त्यांचा स्वतःचा सिद्धांत होता: हातात माइक घेऊन तालात स्वतःबद्दल बोलत राहणारा माणूस, म्हणजे निवेदकच. "ज्यांना हे पटलं," ते म्हणाले, "त्यांनी हात वर करावेत."

सगळ्या हॉलचे हात वर होते. वर-खाली होत होते. ज्या पोरांनी आजवर त्यांना "हाय अंकल"पलीकडे काही म्हटलं नव्हतं, ती तर दोन्ही हात वर करून उड्या मारत होती. जगन्नाथरावांनी चष्मा काढून पुसला.

"फार रंगलं हो," नंतर तिळगूळ देताना रेखाताई म्हणाल्या. "पुढच्या वर्षी माइक तुमच्याकडेच. अगदी हीच व्यवस्था ठेवू. काय प्रसन्न?"

"डन," प्रसन्न म्हणाला.

पार्किंगमध्ये काचेवरचा बर्फ खरवडता खरवडता जगन्नाथरावांनी विचारलं, "समजलं ना लोकांना सगळं?"

"सगळ्यांना समजलं," मालिनीबाई म्हणाल्या.

जगन्नाथरावांच्या माइकला प्रसन्नच्या टेबलावर दोन बटणं होती. एक त्यांच्या पायाशी ठेवलेल्या स्पीकरचं, दुसरं हॉलमधल्या स्पीकर्सचं. दुसरं बंद होण्याआधी हॉलला ऐकू गेलेलं त्यांचं शेवटचं वाक्य होतं, "तर रसिकहो, थोडक्यात सांगतो."