वाघूर लावायच्या वक्ताला

टीव्हीवर मंत्र्यांना घाम फोडणारा माणूस म्हणून लोक मला ओळखतात. नवी पोरं हटकून विचारतात, सर, या धंद्यात तुमची सुरुवात कशी झाली? त्यांच्यासाठी माझ्याकडे एक ठरलेलं, गुळगुळीत उत्तर आहे. खरी सुरुवात सत्तावन्न साली परभणीत झाली आणि ती सांगायची म्हटलं की आजही माझी जीभ जड होते.

तेव्हा मी बन्सीधर मास्तर होतो. शाळेत गणित शिकवायचो आणि औरंगाबादच्या एका साप्ताहिकाला बातम्या पाठवायचो. माझं सगळं शिक्षण निजामाच्या अमदानीत उर्दूतून झालेलं. राज्य बदललं, कारभारात मराठी आली आणि पुस्तकी मराठीच्या नावानं माझी बोंब! 'उपस्थितांनी समाधान व्यक्त केले' असली वाक्यं मला मेल्याला सुचत नसत. म्हणून माणूस जसा बोलला तसाच मी कागदावर उतरवायचो. संपादक भोळे, त्यांना वाटलं ही माझी शैलीच आहे. 'लोकांच्या तोंडची भाषा अशीच येऊ द्या,' असं त्यांचं पत्र आलं आणि मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो.

त्या हिवाळ्यात पोखर्णीकडच्या रस्त्याचं काम चालू होतं. ठेकेदार दिनकरराव. निजामाच्या तुरुंगात राहून आलेला माणूस, अंगात खादी, कलेक्टरसुद्धा उठून खुर्ची द्यायचा. एक दिवस सकाळी कडूबाई नावाची म्हातारी माझ्या दारात येऊन बसली. तिची लेक छबूबाई त्या रस्त्यावर खडी फोडायला जायची. तीन दिवस झाले, ती घरी आली नव्हती. मुकादम म्हणाला, कुणाचा तरी हात धरून पळून गेली. हजेरीपटात तिच्या नावावर शाईची आडवी रेघ मारलेली होती.

"माझी लेक तशी न्हाई वो मास्तर," म्हातारी म्हणाली. "तिची चप्पल तितंच पडून हाय. पळून जानारी बाई चप्पल सोडून जाती का?"

मी सायकल काढली. खडीवर कुणी तोंड उघडेना. बायांनी पदर पुढं ओढले आणि त्या हातोडे जोरात चालवायला लागल्या. थोड्या अंतरावर एका शेतात मेंढरं बसवलेली होती. खतासाठी शेतकरी बसवून घेतात तशी. येडबा नावाचा मेंढका तिथं जाळं दुरुस्त करत होता. दिवस मावळताना मेंढरं त्या जाळ्यात कोंडतात, त्याला ते लोक वाघूर म्हणतात. त्यानं जाळ्यावरची नजर न काढता सांगितलं.

"वाघूर लावायच्या वक्ताला ठेकेदाराची मालमोटार मागं सरली. बाई चाकाखाली गेली. उचलून गाडीत टाकली तवा तिचा हात हालायलता. दवाखाना परभनीत हाय मास्तर, अन् गाडी गेली उलट्या अंगाला, नदीकडं."

मी वहीत लिहून घेतलं. त्यानं माझं मनगट धरलं.

"माझं नाव येऊ देऊ नगा. आमी उघड्यावरचे लोक. आमाला लावून घ्यायला दार न्हाई."

"तुझं नाव कुठंच येणार नाही, येडबा. माझा शब्द आहे."

आणि मी शब्द पाळला, असं मला वाटलं. नाव गाळलं. मेंढका हा शब्दही गाळला, 'प्रत्यक्ष पाहणारा एक इसम' असं लिहिलं. पण त्याचं ते 'वाघूर लावायच्या वक्ताला' वाक्य मी जसंच्या तसं ठेवलं. किती सुंदर वाक्य होतं! त्याऐवजी नुसतं 'संध्याकाळी' असं लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं? काही बिघडलं नसतं. पण मला मिरवायचं होतं.

बातमी पहिल्या पानावर आली. स्टेशनवर अंकाचा गठ्ठा उतरला तसा तासाभरात संपला. कलेक्टर कचेरीतून चौकशीचा हुकूम निघाला. संपादकांनी तार केली, औरंगाबादला या, कायमची जागा देतो. मी दोन दिवस हवेत होतो.

तिसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, दिनकररावांनी मला बाजारातल्या हॉटेलात बोलावलं. अंक त्यांच्यासमोर नीट घडी घालून ठेवलेला होता.

"या मास्तर, बसा. लय झकास लिवलंय तुमी." त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला, घाईनं काही बोलले नाहीत. मुलांची चौकशी केली. घरमालक त्रास देतो का, विचारलं. मग चष्मा लावून बातमीवर बोट ठेवलं. "ह्ये वाक्य मी चार डाव वाचलं. 'वाघूर लावायच्या वक्ताला.' मला कळंना, ह्यो कोन्ता वक्त. खडीवरच्या बाया म्हनतात दिवे लागायच्या टायमाला. आमचा डायवर मुसलमान हाय, तो म्हनतो मगरीबच्या नमाजाला. मग असं बोलतंय तरी कोन?"

मी कप खाली ठेवला.

"पोखर्नीच्या शिवारात ह्या महिन्यात मेंढरं एकाचीच बसलीत," ते म्हणाले आणि चष्मा पुसू लागले. "चहा प्या की. थंड व्हायलाय."

मी चहा तसाच टाकून उठलो. त्यांनी मला अडवलंही नाही.

सायकल इतकी दामटली की दोनदा साखळी उतरली. मनात एकच घोकत होतो, त्याला सांगायचं, मेंढरं घे आणि आत्ताच्या आत्ता जिल्हा सोड. पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. मेंढरं अजून कोंडलेलीच होती, भुकेनं ओरडत होती. एवढ्या उन्हापर्यंत कुणी मेंढरं कोंडून ठेवत नाही. येडबाची बायको कासाबाई काठी घेऊन वाटेवरच उभी होती. मला पाहून तिचा चेहरा उजळला.

"आलात व्हय मास्तर! अन् हे कुटं हायत?"

"कोण?"

"आमचे मालक. सकाळीच मोटार आली न्यायला. मास्तरांनी बलावलंय म्हनले, कलेक्टरापुढं चार शब्द सांगायचेत. हे आदी न्हाई न्हाईच म्हनायलते. मग त्यांनी तुमचं नाव घेतलं. तवा ह्यांनी धुतलेला फेटा बांदला अन् बसले. म्हनले, मास्तर जबानीचा पक्का मानूस हाय."

म्हणजे दिनकरराव माझ्यापुढं चहा सरकवत होते तेव्हा येडबा माझ्या नावावर विश्वास टाकून त्यांच्या मोटारीत बसलेला होता. मला वेळेत पोचता येऊ नये म्हणूनच त्यांनी निवांतपणे मुलांची चौकशी केली होती.

कासाबाईनं माझ्या मागच्या रस्त्याकडं पाहिलं. रस्ता मोकळा होता.

"तुमच्यासंगं आले न्हाईत ते?" तिनं विचारलं. आवाज जरासा बारीक झाला होता.

तिला खरं सांगायला हवं होतं. पोलिसात चल, आरडाओरडा कर, नदीकडं माणसं घेऊन धाव, काहीही सांगायला हवं होतं. ज्या तोंडानं पुढं मी दिल्लीपर्यंतच्या माणसांना जाब विचारले, तेच तोंड त्या दुपारी उघडलं आणि म्हणालं, "येतील. मागून येतायत."

तिचा जीव भांड्यात पडला. तिनं मेंढरं मोकळी केली, हात धुतले, फडक्यातली भाकर काढून निम्मी माझ्यापुढं ठेवली आणि म्हणाली, "मग तवर खावा. लय लांबून आलात."

मी खाली बसलो आणि ती भाकर खाल्ली.